गोधडी घरीच शिवायची असेल तर: लुगडं निवडण्यापासून उरलेल्या चिंध्यांपर्यंत

मागच्या आठवड्यात शेजारची सून गोधडी घेऊन आली, म्हणाली काकू बघा ना, व्हिडिओ बघून शिवली, टाके एकदम सरळ आलेत पण मधोमध हा एवढा फुगा आलाय आणि कोपरा वाकडा झालाय. टाके खरंच छान होते तिचे, माझ्यापेक्षा बारीक. पण कपडे तिने पलंगावर अंथरले होते आणि कच्चे टाके (थर जागेवर धरायला आधी घालायचे तात्पुरते मोठे टाके) घातलेच नव्हते, डायरेक्ट शिवायला घेतली. माझी माय म्हणायची, "टाका कुनालाबी येतो गं, अंथरता आलं पाहिजे." गोधडीचं निम्मं काम सुईत दोरा ओवायच्या आधीच होऊन जातं, आणि नेमकं तेच कुणी नीट सांगत नाही म्हणून हे सगळं सविस्तर लिहायलेय.

मी परभणीत राहते, माहेर गंगाखेडकडचं, गोदावरीच्या काठचं. आमच्याकडं गोधडीला वाकळही म्हणतात. उन्हाळ्यात शेतातली कामं उरकली की दुपारच्याला ओसरीवर बायका वाकळ शिवायला बसायच्या, आणि घट बसायच्या आधी घरातल्या सगळ्या वाकळा नदीवर धुवायला जायच्या. मी आता गच्चीवर आणि हॉलच्या फरशीवर करते सगळं, पद्धत मात्र तीच.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. गोधडीत कापूस भरत नाहीत. कापूस पिंजून भरला की ती रजई किंवा लेप, त्याला पिंजारी लागतो आणि ती धुता येत नाही. गोधडी म्हणजे जुन्या सुती कपड्याचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्यानं शिवलेले. म्हणून ती धुता येते, वर्षानुवर्षं टिकते, आणि आपल्याकडच्या हवेला एकदम बरोबर बसते कारण थंडीत उब देते आणि उन्हाळ्यात खाली अंथरली तर घाम शोषते.

कपडे कोणते घ्यायचे

सुती. बस. मायच्या, आजीच्या सुती नऊवाऱ्या, सुती सहावारी, धोतर, जुन्या सुती चादरी, शर्टाचं कापड. इरकल असेल तर बघून घ्या, त्यात रेशमाची किंवा आर्टसिल्कची भेसळ असते बऱ्याचदा, काठ-पदर तर नक्कीच वेगळा असतो. पॉलिस्टर, जॉर्जेट, शिफॉन, नायलॉन अजिबात नको, कितीही सुंदर रंग असला तरी नको. ते सरकतं, थर जागेवर राहत नाहीत, आणि अंगावर घेतलं की गरम होऊन घाम येतो.

सुती आहे का नाही कळत नसेल तर कडेचे दोन-चार धागे काढायचे, चिमट्यात धरायचे, खाली पाण्याची वाटी ठेवायची आणि काडी लावायची. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो आणि मऊ राख होते. पॉलिस्टर वितळतं आणि थंड झालं की काळा कडक मणी उरतो. भेसळ असेल तर थोडी राख थोडा मणी. हे लेकरं जवळ नसताना करा.

मग कापड ओढून बघायचं. दोन्ही हातात वीतभर कापड धरून जोरात ताणायचं, चर्र आवाज येऊन फाटलं तर ते गोधडीत घालू नका, त्याच्या वाती आणि फडकी करा. थोडं विरलेलं पण अजून जीव असलेलं कापड आतल्या थरात, आणि सगळ्यात दणकट कापड वर-खाली. बऱ्याच जणी हे बघतच नाहीत, कुठलंही कापड कुठंही, सगळं मिसळून टाकतात. पण घासण सगळी बाहेरच्या थराला लागते, बाहेरचं विरलेलं असेल तर वर्षभरात फाटते.

रंग जातो का ते बघणं लई महत्त्वाचं आहे. माझ्या पहिल्या मोठ्या गोधडीत मी सासूबाईंचं लालभडक लुगडं आणि मामंजींचं पांढरं धोतर शेजारी शेजारी लावलं, पहिल्याच धुण्यात धोतर गुलाबी डागांचं झालं आणि ते काही निघालं नाही. धोतर त्यांची आठवण म्हणून ठेवलेलं होतं, मला अजून वाईट वाटतं त्याचं. तर कोपरा कोमट पाण्यात भिजवायचा, पांढऱ्या फडक्यात दाबून धरायचा पाच मिनिटं. फडक्याला रंग लागला तर ते कापड वेगळं तीन-चारदा धुवायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मीठ टाकलं की रंग पक्का होतो असं सगळ्याच म्हणतात, पण दुकानातून रंगून आलेल्या कापडाचा कच्चा रंग मिठानं पक्का होत नाही, मी दोनदा करून बघितलंय. रंग जातच राहिला तर ते लुगडं गडद रंगाच्याच गोधडीसाठी बाजूला ठेवा.

आणि सगळे कपडे, सगळेच, अगदी धुतलेले असले तरी एकदा गरम पाण्यातून काढून कडक वाळवायचे. खळ निघते आणि आटायचं ते आटून जातं. नवं कापड एखादं वापरणार असाल, समजा खालच्या थराला नवीन मांजरपाट, तर ते दोनदा भिजवून वाळवा. नाहीतर शिवल्यावर ते एकटं आटतं आणि बाकीचे थर चुण्या पडून बसतात.

साड्यांचे फॉल काढा, पिको उसवा, शर्टाची बटणं काढा, जरीचा काठ असेल तर तो कापून बाजूला करा कारण जर टोचते आणि सुई अडते.

पांढरं कापड पिवळट पडलेलं असेल तर मी ते डाळिंबाच्या सालीत रंगवते, फार सुंदर हळदुवा रंग येतो. अर्धा किलो कोरड्या कापडाला पाव किलो वाळलेली साल, आठ-दहा लिटर पाण्यात पाऊण तास उकळायची, गाळायची, त्या पाण्यात ओलं केलेलं कापड बुडवून मंद आचेवर पाऊण-एक तास ठेवायचं आणि मधे मधे हलवायचं. मग 60-70 ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात ते कापड रात्रभर. सकाळी खळबळून सावलीत वाळवायचं. भांडं स्टीलचं घ्या, लोखंडाच्या कढईत केलं तर रंग काळसर-करडा होतो (तोही काहींना आवडतो, आमच्या जाऊबाई मुद्दाम तसाच करतात). ज्या भांड्यात हे केलं त्यात परत स्वयंपाक करायचा नाही.

माप आणि हिशोब

पहिल्यांदा करत असाल तर मोठी गोधडी घेऊ नका, आधी एक बसकर करा, दीड फूट बाय दीड फूट, चार थर. दोन दिवसात होतं, हात बसतो, आणि चुकलं तरी देवापुढं बसायला किंवा मांजराला होतंच.

एका माणसाच्या गोधडीचा माझा हिशोब असा. नऊवारी लुगडं साधारण 27 फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद. त्याचे दोन्ही काठ कापून काढले आणि पदराचं विरलेलं टोक काढलं की 40 इंच रुंदीचे, 80 इंच लांबीचे चार तुकडे निघतात. हे झाले आतले चार थर, 40 बाय 80 इंच. वरच्या आणि खालच्या थराला एक सुती सहावारी पुरते, साडेपाच मीटर म्हणजे 216 इंच, त्यातून 84 इंचाचे दोन तुकडे काढायचे आणि वर पाऊण हात... नाही, चांगले 48 इंच उरतात ते ठिगळांना ठेवायचे. बाहेरचे दोन्ही थर 44 बाय 84 ठेवा म्हणजे चारी बाजूंनी दोन-दोन इंच जास्त राहतात, ते पुढं आत दुमडायचेत.

म्हणजे एक नऊवारी आणि एक सहावारी, सहा थर, एक गोधडी. वजन साधारण दीड किलोच्या आसपास भरतं. परभणीची थंडी ज्यांनी अनुभवलीय त्यांना माहितेय की डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा एक आकड्यावर येतो, वेळ अमावस्येला शेतात मुक्काम असेल तर सहा थर पाहिजेतच. नुसतं उन्हाळ्यात गच्चीवर अंथरायला पाहिजे असेल तर चार थर बास. आठ थर मात्र करू नका, सुई आरपार जात नाही आणि बोटं फुटतात.

डबल पाहिजे असेल तर तुकडे जोडावे लागतात. तेव्हा प्रत्येक थराचा जोड वेगवेगळ्या जागी येऊ द्या, एकाचा डावीकडं, एकाचा मधे, एकाचा उजवीकडं. सगळे जोड एकावर एक आले की तिथं दोरीसारखा गठ्ठा होतो आणि तो रात्रभर पाठीला लागतो.

दोऱ्याचाही हिशोब करून ठेवा. ओळी एक-एक इंचावर घेतल्या तर 40 ओळी, प्रत्येक 80 इंचाची, म्हणजे 81 मीटर नुसती शिवण. थराच्या जाडीत दोरा वर-खाली जातो आणि गाठीला वाया जातो म्हणून सव्वाशे मीटर तरी धरा, आणि रंगीत दोरा असेल तर सगळा एकदम आणा, नंतर तोच रंग मिळत नाही. दोरा सुतीच, जाड. मशीनचा बारीक दोरा तुटतो, आणि नायलॉनचा दोरा तर चुकूनही नको, तो तुटत नाही पण जुनं कापड कापत जातो. सुई दुकानात गोधडीची सुई म्हणूनच मागा, अडीच-तीन इंच लांब आणि मोठ्या नेढ्याची. दाभण नाही, दाभण पोत्याला. बोटाला अंगुस्तान, आणि दोऱ्यावर फिरवायला मेणबत्तीचा तुकडा.

अंथरणं

इथं घाई करू नका. अख्खा लेख विसरलात तरी चालेल पण एवढं लक्षात ठेवा.

सपाट टणक जागा पाहिजे. माहेरी माळवदावर, म्हणजे मातीच्या धाब्यावर अंथरायचे, मी हॉलची फरशी पुसून घेते. पलंग, गादी, सतरंजी चालत नाही कारण खालचं मऊ असलं की कापड दबतं आणि आपल्याला वाटतं सपाट आहे. गच्चीवर करायचं तर सकाळी सहा ते आठ, त्यानंतर वारा सुटतो आणि एप्रिल-मेमधे तर फरशीवर पायही ठेववत नाही.

आधी सगळ्या तुकड्यांना इस्त्री. मग खालचा थर उलटा, म्हणजे त्याची चांगली बाजू फरशीकडं. चारी कोपऱ्यांवर वजन ठेवा, मी डाळीचे डबे ठेवते, कोणी विटा ठेवतात. कापड ताणून नाही बसवायचं, फक्त सुरकुती जाईल इतपत. ताणलेलं कापड वजन काढल्यावर परत आखडतं, आणि शेजारच्या सुनेच्या गोधडीत फुगा आला तो तसाच, खालचा थर तिनं गादीखाली खोचून ताणला होता आणि वरचे सैल होते.

त्यावर आतला पहिला थर, चारी बाजूंनी दोन इंच सोडून. मधोमध हात ठेवायचा आणि तळव्यानं बाहेरच्या बाजूला सारत जायचं, जशी आपण भाकरी मधून कडेकडे थापतो. मग दुसरा, तिसरा, चौथा. कापडाचे उभे धागे सगळ्या थरांत एकाच दिशेला येऊ द्या, कारण उभ्यात कापड कमी ताणतं आणि आडव्यात जास्त, उलटसुलट झालं की गोधडी धुतल्यावर पिळवटते. शेवटी वरचा थर, चांगली बाजू वर.

वरच्या थरावर ठिगळांची नक्षी करायची असेल, खणाचे त्रिकोण, शर्टाचे चौकोन, तर ती आधीच त्या एका थरावर तुरपून घ्या. सहा थर झाल्यावर ठिगळं लावायला गेलात तर वरचं कापड गोळा होतं.

आता कच्चे टाके. साध्या शिवणाच्या दोऱ्यानं, आणि रंग असा की लगेच दिसेल. सुरुवात बरोबर मधून. मधल्या बिंदूपासून वर, मग खाली, मग डावीकडं, मग उजवीकडं, असं फुलीसारखं करून घ्यायचं आणि मग वीत-वीत अंतरावर ओळी. टाका चांगला दोन-अडीच इंचाचा मोठा. हे करताना गोधडी उचलायची नाही, आपणच तिच्याभोवती सरकायचं. दोघी असल्या तर समोरासमोर बसून तासाभरात होतं, एकटीला दोन तास लागतात. मी लहान असताना कंटाळून विचारायचे, आता शिवायला घेऊ का, तर माय म्हणायची, "कामून घाई करायलीस? आज नुसतं टाच." आणि खरंच त्या दिवशी दुसरं काही करायची नाही ती. झाल्यावर गोधडी उचलून उलटी करून बघा, मागं कुठं चुणी दिसली तर तेवढा भाग उसवून परत. आत्ता पाच मिनिटं लागतात, शिवल्यावर पाच तास.

शिवणं

कडा आधी. वरच्या आणि खालच्या थराचे जास्तीचे दोन इंच आत, एकमेकांसमोर दुमडायचे, आतल्या चार थरांना पोटात घेऊन, आणि कडेपासून पाव इंचावर धावदोरा. कोपऱ्यावर आधी टोक आत दाबायचं मग दोन्ही बाजू त्यावर, म्हणजे धागे बाहेर येत नाहीत. कोपऱ्यावर तीन-चार उलटे टाके जास्तीचे घाला, ओढाताण तिथंच होते.

मग चौकोनी फेऱ्या घेत कडेकडून मधे जायचं का सरळ उभ्या ओळी मारायच्या, यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. जुन्या बायका फेऱ्याच घ्यायच्या, दिसायला फार देखणी दिसते, पाण्यात खडा टाकल्यावर जशी वर्तुळं उठतात तसे चौकोन. पण फेरीत सैलपणा सगळा ढकलत ढकलत मधे येतो, अंथरण्यात जरा जरी चूक असली तरी मधे फुगतं. म्हणून माझं मत, पहिल्या दोन-तीन गोधड्या उभ्या ओळीच्या करा, मधली ओळ आधी, मग तिच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक. हात बसला की फेऱ्या.

दोरा हातभरच घ्या. लांब दोरा घेतला की परत परत ओवावं लागत नाही असं वाटतं पण तो गुंततो, आणि इतक्यांदा कापडातून जाऊन शेवटी पिंजतो. मेणावरून एकदा ओढून घ्या. गाठ वरच्या थरात सुई खुपसून हलकेच ओढायची, टक् असा आवाज येतो आणि गाठ आत जाऊन बसते. एका वेळी सुईवर तीन-चार टाके घ्यायचे, डावा हात गोधडीच्या खाली, सुईचं टोक खालच्या बोटाला जाणवलं की लगेच वर वळवायचं. टाका साधारण एका इंचात तीन. वरती जेवढा दिसतो तेवढाच मागं दिसला पाहिजे, नसेल दिसत तर सुई तिरपी जायलीये, सगळे थर धरत नाहीये.

दोरा ओढताना खेचायचा नाही. कापडावर हलकी खळी पडली की थांबायचं. जास्त ओढलं की गोधडी आखडते, 80 इंचाची 74 होते. प्रत्येक ओळ झाल्यावर तळहात फिरवा.

एका ओळीला मला अर्धा तास लागतो, म्हणजे 40 ओळींना 20 तास. रोज दुपारी दीड तास धरला तर दोन आठवड्यात गोधडी होते. एका बैठकीत तीनच ओळी, मग उठून पाठ मोकळी करायची, झाडांना पाणी घालायचं, परत बसायचं. उजव्या हातानं शिवत असाल तर उजेड डाव्या बाजूनं घ्या.

शेवटी कच्चे टाके काढून टाका. कापून ठेवलेले नऊवारीचे काठ आहेत ना, त्यांचा गोट लावला तर कडेला दुप्पट आयुष्य मिळतं आणि दिसतंही छान. गोधडीचा घेर 240 इंच म्हणजे 20 फूट, आणि लुगड्याचे दोन्ही काठ मिळून 50 फुटांवर असतात, दोन गोधड्यांना पुरतात. क्रोशा येत असेल तर कडेला पाव-पाव इंचावर आधी जाड सुती दोऱ्याचे काजटाके घालून त्यात क्रोशाची लेस विणता येते. लोकरीची लेस नको, लोकर आणि सूत वेगवेगळं आटतं. हेच कारण जुना स्वेटर गोधडीच्या आत न घालण्याचं. तो उसवून, लडी करून, धुऊन, ओला असताना खाली वजन टांगून सरळ केला तर परत टोपी-मोजे विणायला येतो.

मागच्या कोपऱ्यात मी रंगीत दोऱ्यानं साल घालते आणि कपडा कुणाचा होता ते एका शब्दात. माय, 2019. मामंजी, 2021.

घरात मांजर असेल तर

आमची भुरी गोधडी अंथरली की पहिली येऊन मधोमध बसते. हे बघायला गोड वाटतं पण सुई-दोरा आणि मांजर ही गंभीर गोष्ट आहे. मांजराच्या जिभेवर मागं वळलेले काटे असतात, दोरा एकदा तोंडात गेला की तिला थुंकता येत नाही, ती गिळतच जाते, आणि पोटात दोरा अडकून आतडं गोळा होतं, चिरतंसुद्धा. सुईसकट गेला तर आणखी वाईट. दोऱ्याचं टोक तोंडातून किंवा मागून लोंबताना दिसलं तर ओढायचं नाही, अजिबात नाही, कापायचंही नाही, सरळ जनावरांच्या डॉक्टरकडं. उलट्या, न खाणं, एका कोपऱ्यात दबून बसणं ही लक्षणं दिसली तरी तेच.

म्हणून माझा नियम, उठायचं म्हणलं की सुई डबीत, रीळ डबीत, तोडलेले दोरे एका वाटीत आणि वाटीवर झाकण. सुया मोजून काढायच्या, मोजून ठेवायच्या. लेकरं असलेल्या घरातही हेच करा. आणि तिला तिची स्वतःची छोटी गोधडी करून द्या, त्याच कपड्यातली, दोन फूट बाय दीड फूट, चार थर, ओळी जवळजवळ म्हणजे नखं अडकून दोरा निघत नाही. घुंगरू, मणी, लोंबते गोंडे काही लावू नका. तिची झाली की आपलीवर ती कमी बसते, हा माझा अनुभव. केस काढायला रबरी हातमोजा ओला करून एकाच दिशेनं फिरवला की सगळे गोळा होतात.

बाळासाठी दुपटं करत असाल तर त्यालाही मणी-टिकल्या नकोत आणि गाठी सगळ्या आत. वर्षाच्या आतल्या बाळाला झोपताना जड गोधडी पांघरू नका, तोंडावर आली तर त्याला बाजूला करता येत नाही. खाली पातळ अंथरायला ठीक.

धुणं आणि ठेवणं

ओली गोधडी फार जड होते, दोघांनी धरायची. टबात रिठ्याचं किंवा सौम्य साबणाचं पाणी, अर्धा तास भिजत ठेवून पायानं तुडवायची, पिळायची नाही, दाबून पाणी काढायचं. ब्रश आणि धोपाटणं जुन्या कापडाला नको. पाण्याचं म्हणाल तर 2016 च्या एप्रिलमधे मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं, ते दिवस बघितलेल्या माणसाला गोधडीचं खळबळलेलं पाणी मोरीत सोडववत नाही. पहिलं साबणाचं पाणी संडास-बाथरूमला, शेवटची दोन स्वच्छ पाणी झाडांना. दोरीवर एकाच घडीत वाळत घालू नका, बाजेवर पसरा, हवा खालूनही लागते. रंगीत बाजू खाली ठेवून वाळवा आणि मग अर्धा तास उलटी. वरून वाळली तरी आतले थर ओले असतात, थर चिमटीत दाबून गार लागले तर अजून वेळ आहे.

ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत नको, दमट वास येतो आणि तीळ पडतात, तिळासारखे काळे बुरशीचे ठिपके, ते कशानंच जात नाहीत. जुन्या सुती साडीत गुंडाळा, घडीत पूर्ण वाळलेला कडुनिंबाचा पाला ठेवा, दर दोन-तीन महिन्यांनी ऊन दाखवा आणि घडी वेगळ्या जागी मोडा. डांबरगोळ्या मी ठेवत नाही, बाळाच्या कपड्यांत तर कुणीच ठेवू नयेत, काही बाळांना त्या वासानं रक्ताचा त्रास होऊन कावीळ होते, आणि मांजरालाही त्या विषारी.

फाटायला सुरुवात कडेला आणि छातीपाशी होते. बोटभर फाटलं की लगेच ठिगळ, त्या उरलेल्या 48 इंचातून, कडा आत दुमडून तुरपायचं आणि वरून जुन्या ओळीला धरूनच धावदोरा. सगळीकडंच विरली की तिला टाकू नका, धुऊन तीच नव्या गोधडीचा आतला थर करा, फक्त तिचे थर मोजा, वर-खाली एक-एकच नवा धरून एकूण आठ होऊ देऊ नका.

उरलेल्या चिंध्या

शेवटी बोटभर रुंदीच्या पट्ट्या उरतात, त्याला माझ्याकडं उन्हाळ्यात सगळ्यात जास्त मागणी असते. तीन पट्ट्यांची घट्ट वेणी घालायची, ती झाली वात. बादली विटेवर, कुंडीपेक्षा थोडी उंच. वात आधी पूर्ण भिजवायची, कोरडी लावली तर पाणी चढत नाही, एक टोक बादलीच्या तळाला खडा बांधून आणि दुसरं कुंडीच्या मातीत तीन इंच खोल पुरायचं. सूत पाणी ओढतं आणि माती हळूहळू पीत राहते. 42-43 डिग्रीत मधली वात उघडी राहिली की वाळून जाते म्हणून तिच्यावर जुन्या पाइपचा तुकडा घालायचा. बादलीवर फडकं बांधायचं, डासांची अंडी त्या स्वच्छ पाण्यातच होतात. मागच्या मेमधे आठवडाभर गावाकडं लग्नाला गेले होते, मोगरा, तुळस, कढीपत्ता तिन्ही हिरवी होती परत आल्यावर. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यानं वातीवर पांढरा क्षार बसतो आणि पाणी चढायचं कमी होतं, तेव्हा महिन्यातून एकदा गरम पाण्यात लिंबू पिळून त्यात वात तासभर ठेवायची आणि चोळून धुवायची, किंवा सरळ नवी वळायची, चिंध्या असतातच.